राहुड घाटातलं सागवान

अण्णा, काल तुमच्या नातीनं एक जुनी व्हॅन विकत घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवून नवऱ्याबरोबर भूतानला जायचंय तिला. इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीखाली ती उभी केलीय आणि वॉचमन तिच्याकडे संशयानं बघतोय. तुमची नात मला म्हणाली, "आई, तुम्ही लुंबिनीला गेलात त्या गाडीत आजोबांनी कुठलं लाकूड वापरलं होतं?" मी पटकन उत्तर दिलं आणि मग रात्रभर मला ते उत्तर टोचत राहिलं. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हांला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून पदर सावरावासा वाटतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तुम्ही द्वारका चौकाजवळ आग्रा रोडच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये सुतार होता. विंचूरचा कांदा ज्या ट्रकांतून भरून जायचा, त्यांतल्या कितीतरी ट्रकांच्या फळ्या तुमच्या हातच्या. एकदा त्या शेडमध्ये परदेशी नवराबायकोची एक व्हॅन दाराचं बिजागर तुटलं म्हणून आली. बिजागर लावता लावता तुम्ही आत डोकावलात, आणि घरी येऊन जेवायच्या आधीच खडूनं फरशीवर आखायला लागलात. इथं पलंग, इथं ओटा, इथं खिडकीला पडदा. आई भिंतीला टेकून उभी होती. खुबा मोडून नीट न जुळल्यापासून तिला उभं राहता यायचं, आडवं होता यायचं. बसणं मात्र घटकाभरही जमायचं नाही. बौद्ध घरातल्या बाईला एकदा लुंबिनी बघावीशी वाटणार, त्यात काय नवल? पण गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बस, हे तिला झेपणारं नव्हतं. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "हिला बसायचं नाय ना? मग झोपवून नेतो. पुढच्या वैशाख पौर्णिमेला लुंबिनी."

ती पौर्णिमा हुकली, दीड वर्ष तुम्ही गाडी शोधत होता. शेवटी कुठल्याशा कारखान्याच्या दवाखान्यानं मोडीत काढलेली अँब्युलन्स मिळाली. दारात उभी राहिली तेव्हा सगळी वस्ती बघायला लोटली. मामा म्हणाला, "दाजी, जित्या बाईला मेल्यागत आडवं घालून नेनार का काय?" तुमच्याआधी आईच बोलली, "नेऊ दे की. तुमच्या बसमध्ये उभं राहन्यापरीस बरं." गाडीवरचं लाल फुलीचं चिन्ह तुम्ही तीनदा रंगानं झाकलंत आणि तीनदा ते खालून डोकावलं. चौथ्यांदा तुम्ही नाद सोडलात.

आता चालवणार कोण? ढलपी उडून तुमचा एक डोळा गेलेला, लायसन मिळणं शक्य नव्हतं. भाऊ मला नाही. पगारी ड्रायव्हर ठेवून वीस दिवस नेण्याची आपली ऐपत नव्हती. मी बावीस वर्षांची, एका ऑफिसात टायपिस्ट. तुम्ही म्हणालात, "मशीनवर दहा बोटं दहा कामं करत्यात ना तुझी? हितं दोन हात नि दोन पाय. सोपं हाय." सोपं कसलं! गंगापूर रोडला तेव्हा रहदारी नव्हती, दोन्ही बाजूंना मळे. तिथं तुम्ही शेजारी बसून मला शिकवायचात आणि क्लच सोडताना गाडी गचकली की ओरडायचात, "अगं, झोपलेल्या मानसाच्या अंगावरचं पांघरून काढतो तसं सोड!" मी रडले नाही. रडले असते तर तुम्ही शिकवणं थांबवलं असतं, एवढं मला कळत होतं.

आत तुम्ही जे बांधलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. सागवानी कपाट, खाली आईचा पलंग, वर तुमची फळी, माझ्यासाठी पुढच्या सीटमागे घडीचा बाक. सगळे सांधे खाच पाडून बसवलेले, एक खिळा नाही. आणि तो ओटा! परदेशी बाईच्या गाडीत बघितला तसा, उभ्यानं रांधायचा. आपल्या घरात चूल, स्टोव्ह सगळं जमिनीवर. खुबा मोडल्यापासून आईनं भाकरी थापली नव्हती. तिनं ओट्यावरून नुसता हात फिरवला आणि मला म्हणाली, "परात आन." गाडी दारातच उभी होती. तिनं उभ्या उभ्या चार भाकरी केल्या आणि पहिली तुम्हांला दिली. तुम्ही ती कोरडीच खाल्लीत.

मामानं मात्र अट घातली. "पोरीनं राहुड घाट चढून दाखवावा. काय गडबड झाली तर मी माज्या भनीला पाठवनार नाय." आई तेव्हा मामाच्या शब्दाबाहेर नव्हती, तुम्हांलाही ते ठाऊक होतं. एका रविवारी आपण निघालो. मी, तुम्ही, मामा आणि मागे पलंगावर आई. चांदवडला चहा झाला. तिथून पुढं गाडी जड वाटायला लागली. घाटात तर ती रेड्यासारखी अडली, पहिल्या गिअरमध्येसुद्धा कण्हायला लागली, जळका वास सुटला, बॉनेटमधून वाफ आली. मी बाजूला घेतली. मामा उतरला तो "बघितलं? बघितलं?" करतच. तुम्ही उतरून मागं गेलात, मागच्या चाकापाशी वाकलात. परत आलात ते मामाच्या समोर जाऊन उभे राहिलात.

"चूक माजी हाय. ट्रकाला घालत्यात तसलं सागवान घातलं, वजन लय झालं. पोरगी बराबर चालवती."

तुमच्या तोंडून 'चूक माझी' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मामाचाही आवाज उतरला. "मंग काढा वजन," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सांधे एकेक करून ठोकून मोकळे केलेत. कपाट गेलं, तुमची वरची फळी गेली, माझा बाक गेला. आईच्या पलंगाला आंब्याची हलकी चौकट आणि नवारीची पट्टी आली. ओटा तेवढा ठेवलात. त्या फळ्या शेडमध्ये कुणी दुसऱ्या कामाला नेल्या. तुम्ही बघायलाही गेला नाहीत. मामासमोर गाडी पुन्हा घाट चढली, सरसर. मग वीस दिवसांच्या त्या सगळ्या प्रवासात मी पुढच्या सीटवर झोपले आणि तुम्ही गाडीखाली ताडपत्री टाकून, जमिनीवर. सकाळी उठलात की कमरेवर हात ठेवून हळूच सरळ व्हायचात आणि वर म्हणायचात, "काय झोप लागली गं!" सरहद्दीवरच्या सोनौलीच्या नाक्यावर शिपायानं गाडीचा आकार बघून विचारलं, "मरीज कौन है?" आतून आईनं पिठाचे हात बाहेर काढून दाखवले. "मरीज कोई नहीं. रोटी करती मैं." लुंबिनीला ती काठी घेऊन स्वतःच्या पायांनी तळ्यापर्यंत गेली. बराच वेळ उभी राहिली. तुम्ही तिच्यामागे चार पावलांवर होता. पुढं आला नाहीत.

आता ते सांगते. चांदवडला चहासाठी थांबलो ती जागा उताराची होती. मी हँडब्रेक ओढला होता, आणि निघताना तो पुरता सोडलाच नव्हता. घाटात गाडी थांबल्यावर मामा खाली ओरडत असताना माझा हात त्या दांड्याला लागला, तेव्हा कळलं. गाडी गिअरमध्ये ठेवून मी तो गुपचूप खाली केला. तोंड उघडलं असतं तर आईची लुंबिनी तिथंच संपली असती, असं मी तेव्हा मनाला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण लुंबिनीहून परत आल्यावर सांगता आलं असतं. त्यानंतर तुम्ही बारा वर्षं होता. शेडमध्ये कुणी तुम्हांला चिडवायचं, "काय मिस्त्री, घाट चढना झाली ना तुमची गाडी?" तुम्ही हसायचात. मी तिथं असले तरी गप्प बसायचे.

एक गोष्ट मला अलीकडेच नीट आठवली. मागच्या चाकापाशी वाकून तुम्ही हात लावलात आणि चटका बसल्यासारखा मागे घेतलात. ब्रेक धरून चाललेलं चाक तापतं. जन्मभर ट्रकांत वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लुंबिनीच्या वाटेवर रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तुम्ही काचेपाशी येऊन विचारायचात, "ब्रेक बघितला का?" मी म्हणायचे, "बघितला." दोघांपैकी एकानं तरी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं.

काल तुमच्या नातीला मी सांगितलं, हलकं लाकूड घे, आजोबांनी सागवान घातलं आणि गाडी चढली नाही. चाळीस वर्षं उलटली तरी तेच खोटं, तोंडपाठ. आज संध्याकाळी ती सुताराला घेऊन येणार आहे. मी तिला सागवानच घाल म्हणणार आहे, आणि आजोबांचं काम चोख होतं हेही सांगणार आहे. हँडब्रेकचंही सांगायचं ठरवलंय, अण्णा. पण ती जिन्यात येईपर्यंत हा धीर टिकेल, याची मला अजूनही खात्री नाही.