परीक्षेपुरती सुट्टी

४ मार्च
पाच महिने काही लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. कारण पोट. एचआयव्हीची गोळी बदलून आठ दिवस झाले. (उरलेल्या महिन्यांचं कारण नंतर शोधू.) आठ वर्षं रक्तात विषाणू सापडत नाही. सध्या घरात मीही सापडत नाही, संडासात असतो.
संकल्प: गोळी पहाटे पाचला, उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर. ही म्हणाली, अहो, जेवून घ्यायची ना? दवाखान्यातल्या ताईंनी बाटलीवर लिहून दिलंय की! लिहिलंय खरं. पण ते सर्वसाधारण पेशंटांसाठी.

७ मार्च
कॉलेजात सुपरव्हिजन. तीन तास. मुलांना हात वर करून बाहेर जाता येतं, मास्तरला नाही. पहिल्या तासात चौघे गेले. चौघांचाही हेवा वाटला. पाचव्याला दरडावून खाली बसवलं. हा अन्याय होता का? घरी आल्यावर अर्धा तास विचार केला. संडासात बसून दुसरं करणार काय?

८ मार्च, पहाटे ५.१०
आज गोळी नाही. बंद केलेली नाही. पेपर असेल त्या दिवसापुरती सुट्टी. आठ वर्षं एकही खाडा नाही, म्हणजे रजा साठली असणारच.
दुपारी: पोट गप्प. प्रयोग यशस्वी.

१९ मार्च
परीक्षा लांबल्या. सायन्सवाल्यांनीही सुपरव्हिजनला मागितलं. हो म्हटलं. हिने विचारलं, गोळी वेळेवर घेताय ना? म्हटलं, अगदी वेळेवर. मग तोंड चोरासारखं का, म्हणाली. फार संशयी बाई. हिच्यापासून मी काही लपवत नाही. आजार लग्नाआधीच सांगितला होता, डॉक्टरांच्या वाक्यासकट: गोळी रोज घेतली आणि रक्तात विषाणू सापडला नाही, तर बायकोला धोका नाही. आमचं लग्न या एका वाक्यावर झालंय.

२ एप्रिल
उद्या दवाखाना. ताई उरलेल्या गोळ्या मोजतात. चौदा जास्त भरल्या. संडासात टाकल्या. एक तरंगत राहिली, तिसऱ्यांदा पाणी सोडल्यावर गेली. हे खोटं आहे का? बराच विचार केला. तोंडाने तर मी काही बोललोच नाही.

३ एप्रिल
मोजणी बरोबर. ताई म्हणाल्या, सगळे पेशंट सरांसारखे हवेत. अवघडलो, पण कौतुक नाकारणं हाही अहंकारच. पोट कसंय विचारलं. उत्तम म्हटलं. रक्त दिलं. परीक्षा संपल्या, उद्यापासून रोज गोळी.

१७ एप्रिल
ताईंनी बोलावून घेतलं. विषाणू सापडला. विचारलं, सर, किती बुडवल्या? म्हटलं, मोजल्यात ना तुम्ही. म्हणाल्या, मी बाटलीतल्या मोजते, मशीन रक्तातलं मोजतं. चौदा, म्हटलं. पोटाचंही सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. अहो, दोन घास खाऊन घेतली असतीत, तर पोट एव्हाना रुळलं असतं! नाहीतर मला एक फोन करायचा. एवढं शिकलेले तुम्ही!
मग आवाज खाली आणून म्हणाल्या, वहिनींना घेऊन या. त्यांचंही रक्त तपासावं लागेल.
घरी आलो. हिने दारातच विचारलं, काय म्हणाल्या ताई? म्हटलं, नंतर सांगतो, पोट बिघडलंय. कडी लावून वीस मिनिटं बसलो. पोट ठणठणीत आहे.

उद्या: हिला सांगणे.