तुझ्या आवाजातला फोन

रुद्र्या लेका,

परदेशात शिकाय गेलास, पर रूमचं भाडं भागंना म्हनून कॉलेज सुटलं की हॉटेलात भांडी घासतोस, हे मला एकट्यालाच ठाव; आईला तू नुसतं काम करतोय म्हनून सांगितलंयस. तीन हप्ते झाले, तुझा फोन लागंना. तुझी आई, सखूमावशी, सारखी मोबाईल मांडीवर घेऊन बसायची. मला बघवंना. शाळेत हजेरीला तुझा आवाज काढायचो, त्योच काढून यवतच्या ष्टँडवरनं तिला फोन लावाय लागलो. परदेशी नंबर दिसायचं अ‍ॅप हाय माझ्याकडं. "आये, जेवलो. काम हलकं हाय." मावशी नुसतं बरं म्हनायची.

काल दुपारी मी तिच्यापाशीच च्या पीत व्हतो. माझा फोन चार्जिंगला. तिचा वाजला. तिनं स्पीकर लावला.

"आये, जेवलो. काम हलकं हाय."

तुझा आवाज. मागं भांडी वाजत व्हती. मी "रुद्र्या" म्हनलो, तर नुसता नळ वाहत ऱ्हायला आन् फोन कटला. तेवढ्यात अंगणातल्या जाळीच्या कुंपणातली तुमची मेंढरं उठून फाटकापाशी गोळा झाली, तू आल्यावर व्हत्यात तशी. फाटकात कोन न्हवतं.

मावशी म्हनली, "राहिल, आता तू नको करूस फोन, बाबा. तुझ्या फोनला मेंढरं कवा उठली न्हाईत. मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं."

तुझा नंबर आजबी बंद हाय. पाकीट घेऊन बसलोय. वर पत्ता तुझ्या रूमचा टाकू, का मावशीच्या फाटकाचा, तेवढं समजंना.

तुझाच,
राहिल्या