सात रबरी पंखे

बाबा,

तुमची कंपनी आता नावेच्या मोटारी बनवणार नाही. व्यापारपानाच्या तळाशी चार ओळींत बातमी होती, तीही परदेशी वृत्तसंस्थेची. माझा जन्म बातम्या कापण्यात गेला, त्यामुळे चार ओळींत काय मावलं नाही ते मला लगेच दिसतं. पहाडगंजमधलं तुमचं वर्कशॉप त्यात नव्हतं. हॉटेलांच्या गल्लीच्या मागची ती पत्र्याची शेड, दारातलं पाण्याचं लोखंडी पिंप, पिंपाच्या काठाला अडकवलेली मोटार आणि शेजारी स्टुलावर बसलेले तुम्ही. माझी मराठी शाळा तिथून पाच मिनिटांवर होती. शाळा सुटली की मी तिथं यायचे आणि तुम्ही मला एकच काम द्यायचात: धार बघत बस. मोटार खालून पाणी ओढते, ते पाणी आत फिरून तिला थंड ठेवतं आणि मागच्या भोकातून बारीक धारेनं बाहेर पडतं. ‘धार आहे तोवर काळजी नाही. धार तुटली की आधी बंद कर, मग मला हाक मार.’ अर्धा तास अशी चालवल्याशिवाय एकही मोटार तुम्ही गिऱ्हाइकाला दिली नाहीत. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला चहा पाजलात.

ते पाणी ओढणारा रबरी पंखा तळहाताएवढाही नसतो. आपल्या घरी असे पंखे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचे, आणि रबर चिकटू नये म्हणून त्यांच्यावर आईची अंगाची पावडर भुरभुरलेली असायची. ‘माझ्यापेक्षा त्या पंख्यांनाच जास्त पावडर लागते,’ असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाजार खुला झाला, तुमच्या कंपनीचे मालक बदलले आणि तो डबा हळूहळू रिकामा व्हायला लागला. मोटारीचा रंग तोच, झाकणावरचं नावही तेच, पण आत येणारे पंखे वेगळे होते. तुम्ही पहिल्यांदा तसला एक घरी आणलात आणि माझ्या हातात दिलात. मी दाबला तर तो वाकेना. ‘नदीच्या रेतीत हा एक पावसाळा काढायचा नाही,’ तुम्ही म्हणालात. तोवर वर्कशॉपसकट ऑफिस गुडगावला गेलं होतं. काचेची इमारत, थंड हवा, प्यायच्या पाण्याचं यंत्र. पिंप ठेवायला मात्र जागा नव्हती. तुम्ही मुंबईच्या मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहिलीत. इंग्रजी मी नीट करून दिलं. उत्तर एकाचंही आलं नाही.

आणि मग ती पावसाळ्याआधीची चाचणी. पूर खात्याला वीस मोटारी घ्यायच्या होत्या. एका बाजूला तुमची, दुसऱ्या बाजूला नव्यानं आलेली जपानी. नदी गुडगावहून लांब, म्हणून मोटार आदल्या दिवशी, रविवारी, टेम्पोतून आपल्या तळमजल्यावरच्या घरी आली. दुपारी मी उठून स्वयंपाकघरात येते तर मोटारीचा खालचा अर्धा भाग वर्तमानपत्रावर सुटा पडलेला आहे, आणि तुम्ही मांडी घालून बसला आहात.

‘अहो, पोळ्या मी कुठे लाटू? डोक्यावर?’ आई विचारते.

‘दहा मिनिटं.’

‘तुमची दहा मिनिटं लग्नापासून चालली आहेत.’

तुम्ही हसत नाही. डबा उघडता, जुना पंखा काढता, फुंकर मारून पावडर उडवता. मी पाहते आहे. डब्यात सात उरले होते, त्यातला एक तुम्ही त्या मोटारीत बसवता आणि कंपनीचा नवा काढून बाजूला ठेवता.

‘बाबा, हे चालतं?’

‘चाचणीला मोटार तयार करूनच नेतात. मी कायम नेत आलोय.’

‘तयार म्हणजे साफसूफ. उद्या ते लोक ही मोटार बघून त्या वीस घेणार.’

‘ऑर्डर येऊ दे. ऑर्डर आली की हे माझं ऐकतील, चांगले पंखे मागवतील. नाही आली तर वर्कशॉपच बंद. मग ऐकायला कोणी राहणारच नाही.’ बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मोटार पुन्हा जोडताना मी ती धरून बसले होते, हेही इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून तुमच्याबरोबर घाटावर आले. यमुना अजून आटलेली, काळसर, रेतीनं गढूळ. जपानी मोटार आधी गेली. तिचा आवाज इतका कमी की काठावरचा एक नावाडी म्हणाला, ‘ये चल भी रही है या धक्का दे रहे हो?’ ती तासभर चालून परत आली. मग तुम्ही. दोरीच्या दुसऱ्या ओढीला मोटार सुरू झाली. मला फक्त धार दिसत होती. नाव लांब गेल्यावर तीही दिसेना, तेव्हा मी काठाकाठानं चालत राहिले. नाव परत येताना, तास संपायला पाच-सात मिनिटं असताना, धार बारीक झाली असं मला वाटलं, आणि काय मागायचं तेच कळेना. ती चालावी असं वाटत होतं, आणि ती इथंच, सगळ्यांसमोर, बंद पडावी असंही वाटत होतं. ती चालली. पूर खात्यात तुम्हाला सगळे मास्टरजी म्हणत. तिथल्या इंजिनिअरनं वही मिटली आणि विचारलं, ‘मास्टरजी, काग़ज़ छोड़िए। आप ज़िम्मा लेते हो?’

‘लेता हूँ।’

तुमच्या शब्दावर ऑर्डर झाली. पंख्यांचं विचारायला तुम्ही गुडगावला गेलात तेव्हा तुमच्या निम्म्या वयाच्या मॅनेजरनं तुम्हाला पेढा दिला. ‘सर, टेंशन मत लो यार, कुछ हुआ तो वारंटी में देख लेंगे।’ तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं घरी सांगितलंत आणि पेढा आईच्या हातावर ठेवलात. उरलेले सहा पंखे तुम्ही सहा मोटारींत घातलेत. चौदा तशाच गेल्या.

ऑगस्टात नदी चढली. त्या दुपारी मी आमच्या हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते, पानं लवकर, चारलाच सोडायची होती. खादरात, नदीकाठच्या झोपड्यांकडे गेलेल्या आमच्या बातमीदाराचा फोन आला. नऊ माणसं घेऊन निघालेली खात्याची नाव मधोमध बंद पडली, प्रवाहानं पुलाच्या खांबांकडे गेली. नदीकाठी काकड्या पिकवणाऱ्यांच्या वल्ह्याच्या होडीनं दोर टाकून ती धरली. एका बाईचा हात मोडला, बाकी सगळे वाचले. ‘मोटर मेरे सामने खोली, मैडम। अंदर का रबर चूरा हो गया था। नई है, इसी साल की। कंपनी का नाम दे दूँ?’

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. वेळ कमी होता असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण एक शब्द बदलायला वेळ लागत नाही. रबराची आणि कंपनीची ओळ गाळून मी मथळा दिला: तेज बहाव में फँसी नाव.

सकाळी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती बातमी दोनदा वाचलीत. ‘बहाव? बहावानं मोटार बंद पडत नाही. तुमच्या बातमीदारानं मोटार पाहिली नाही का गं?’

‘नसेल पाहिली,’ मी म्हणाले आणि चहा गाळत राहिले.

तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात आणि बाहेर पडलात. कुठे निघालात ते आईला सांगितलं नाहीत, पण मला कळलं होतं. दुपारी परत आलात ते पायातल्या चपला न काढता खुर्चीत बसलात. तुम्ही त्या इंजिनिअरला सगळं सांगितलं होतं: स्वयंपाकघर, डबा, चाचणीच्या मोटारीतला वेगळा पंखा. त्यानं दार लोटून घेतलं म्हणे. फायलीवर आमच्या पेपराचं कात्रण लावलेलं होतं. ‘मास्टरजी, अख़बार में भी बहाव लिखा है, हमने भी वही लिख दिया। अब आप क्यों मेरी नौकरी के पीछे पड़े हो?’

‘मग बरंच झालं की,’ आई म्हणाली.

तुम्ही वाकून चपला काढल्यात. मग म्हणालात, ‘चूक केली ती केली. पण कबूलही करू देत नाहीत.’

मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही नोकरी सोडलीत. पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी खात्याच्या गोदामात जायचात. कुणी बोलावलं नव्हतं. चौदाही मोटारी एकेक करून पिंपात चालवल्यात, आणि धार तुटेल ती बाजूला काढून तिच्यावर खडूनं फुली मारलीत. पुढच्या वर्षी खात्यानं जपानी मोटारी घेतल्या. ‘चांगली आहे ती,’ तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर मोटारींवर घरात बोलणं झालं नाही. तुम्ही आणखी अकरा वर्षं होतात. अकरा वर्षं रोज सकाळी मी तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही पेपर मागितलात.

पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. आत एकच पंखा आहे, त्या रविवारी तुम्ही काढून ठेवलेला, कंपनीचा. त्यावरही तुम्ही पावडर टाकली होती. आज बातमी वाचल्यावर तो हातात घेतला तर एक पाकळी तुटली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही. बातमीदारानं मोटार पाहिली होती, बाबा.