फुलाचा ‘फ’

जोन्जू, १२ जानेवारी

ती. ओक-रान मावशीस, दान्बीचा सा. न. वि. वि.

तू वाळवून पाठवलेली पर्सिमनची फळं पोचली; अर्धी पोरांनीच फस्त केली. चिमुरड्यांना फ्रेंच शिकवते म्हणजे नक्की काय करते, असं विचारलंस. अगं, आम्ही चित्रं काढतो. ओल्या कागदावर रंगाचा थेंब टाकायचा, वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हळूच फुंकायचं. थेंबाच्या पाकळ्या होतात आणि फ्रेंचांचा ‘फ’ आपसूक निघतो. बाहेर बर्फ, खाली ऊबदार जमीन, पालथी पडून फुंकणारी पोरं. कधी वाटतं, खोलीच झोपेत श्वास घेतेय.

पण आपल्या कोरियन भाषेत हा दातांचा ‘फ’च नाही; आपण जन्मभर कॉफीला ‘कॉपी’ म्हणणारी माणसं. फ्रेंचमध्ये ‘फ्लर’ म्हणजे फूल. पोरांच्या तोंडून निघतं ‘प्लर’, म्हणजे रडतं! आणि ‘प’ने फुंकलं की पाकळ्यांऐवजी शिंतोडे उडतात. एकटी ईसल, अबोल पोर, हट्टाने ओठ चावत बसते.

फेब्रुवारीत पालकांपुढे कार्यक्रम आहे. तो पडला तर मार्चपासून इथे इंग्रजीचा वर्ग, असं बालवाडीच्या संचालिकाबाईंनी बजावलंय. हा वर्ग गेला तर मी काय करू, सुचत नाही.

तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

दान्बी


तोंगयंग, २० जानेवारी

चि. दान्बीस अनेक आशीर्वाद.

ज्यांना धड नाक शिंकरता येत नाही त्यांना फ्रेंच! शेजारणीला सांगितलं, तर तिने तुझ्या लग्नाचंच विचारलं. तिला म्हटलं, आमची मुलगी सध्या फुंकण्यात गुंतलीय. वेळेवर जेवत जा. त्या ईसलला जप; अबोल पोरं सगळं लक्षात ठेवतात.

तुझी मावशी


जोन्जू, १७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

काल कार्यक्रम झाला. एकेक पोर चित्र उंच धरून ‘प्लर’ म्हणत होतं. संचालिकाबाईंनी बोलावलेले वृद्ध फ्रेंच पाहुणे डोळे पुसू लागले. शिंतोड्यांची फुलं आणि प्रत्येकाच्या तोंडी ‘रडतं’. त्यांना ती मी रचलेली कविताच वाटली. बाईंनी तिथल्या तिथे वर्ग चालू राहणार म्हणून सांगून टाकलं. मावशी, मला आभाळ ठेंगणं झालं.

शेवटी ईसल उठली. तिच्या कागदावर एकच फूल, पूर्ण उमललेलं. तिने ओठावर दात टेकवले आणि स्वच्छ म्हणाली, ‘फ्लर’. आया हसल्या. एवढ्या पोरांत हीच चुकली! बाईंनी पाठ थोपटून पुढच्या वेळी जमेल हं, असं समजावलं. पोरगी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “ईसलचंच बरोबर आहे. बाकी आम्ही सगळे चुकलो. ती कविता नव्हती.”

मार्चपासून इंग्रजी.

जाताना ईसलने दाराच्या काचेवर ‘फ’ फुंकला. काच धुरकटली, तिने बोटाने पाकळ्या काढल्या. मी बराच वेळ ते दार उघडलं नाही.

दान्बी


तोंगयंग, २५ फेब्रुवारी

चि. दान्बीस पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मीही कागद भिजवला, थेंब टाकला, ओठ चावला आणि फुंकलं. ‘प’च निघाला. माझं रडकं फूल सोबत पाठवतेय, हसू नकोस.

समुद्राकडची खोली झाडून घेतलीय. गल्लीतल्या पोरांना विचारायचंय, पण एक विद्यार्थिनी नक्की आहे. वय एकाहत्तर, दात स्वतःचे.

ये.

मावशी