चोपन्न इंचांचं पातं

जुबैल,
९ मार्च १९९१

प्रिय शरीफाआपा,

अस्सलाम अलैकुम. आम्ही दोघं इथे खैरियतीनं आहोत. तुझा गुडघा आता बरा असेल आणि बाणकोटला घरची सगळी खुशाल असतील, अशी दुआ करते.

लढाई थांबून नऊ दिवस झाले. हल्ल्याचा भोंगा वाजत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस कान उगीचच वाट बघत होते. कंपनीनं दिलेले गॅसचे मास्क अजून खुंटीवर आहेत. काल एकात मी लसूण ठेवला, तर हे पोट धरून हसले. कुवेतच्या तेलविहिरी जळतायत, त्यांचा धूर वारा फिरला की इकडे येतो. मग भरदुपारी दिवे लावावे लागतात आणि दोरीवरचे कपडे काळे होतात. तक्रार एवढीच.

आज लिहायला बसले ते एक मजा सांगायला. आपा, मी लोखंड बेतलं! तू मला ब्लाउज बेतायला शिकवलंस ना, अगदी तसंच.

झालं असं. आमचा कॅम्प मोठ्या रस्त्यापासून आत आहे. मधल्या कच्च्या वाटेवर गेल्या आठवड्यात वादळानं वाळू आणून टाकली. कुठे घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी. कंपनीचा बुलडोझर जानेवारीतच लढाईच्या कामाला नेलाय. पाण्याचा टँकर आला, वाळूत रुतला, कसाबसा मागे निघाला. ड्रायव्हरनं हात झटकले, "खलास! रास्ता साफ करो, तब आएगा." त्या दिवसापासून कॅम्पातले अठरा पुरुष आणि मी, सगळे रस्त्यापासून बादल्या वाहतोय. शेजारची सफूरा नर्स आहे, तिची ड्यूटी सांभाळून तीही. आंघोळ म्हणजे एक तांब्या.

कंपनीकडे एक चार चाकांची फटफटी आहे, पाइपलाइन तपासायला जायची. आमचे इंजिनिअर चंद्रशेखरसाहेब सांगलीचे. ते म्हणाले, हिच्यापुढे पातं लावू आणि वाळू ढकलू. त्यांच्याकडे एक अमेरिकन कॅटलॉग आहे. त्यात बर्फातला माणूस लाल फटफटीवर बसून बर्फ ढकलतोय, नाकापर्यंत मफलर. साहेब ते चित्र सगळ्यांना दाखवत होते, जणू जुबैलला उद्या बर्फच पडणार आहे.

ह्यांच्या वर्कशॉपमध्ये जुन्या टाकीचा एकच चांगला पत्रा होता, सहा फुटांचा. साहेब म्हणाले, "अख्खाच लावा मुनाफ. पातं मोठं तर काम लवकर." ह्यांनी लावला. फटफटी चार हात गेली. मग वाळूचा ढीग पुढे आणि फटफटी जागच्या जागी! मागची चाकं खड्डा खणत बसली, क्लचचा जळका वास सुटला. बर्फ हलका असेल गं, वाळू म्हणजे ओली कणीक.

साहेब वैतागले. "मग चार फूट करा. उद्या सकाळी कापा."

हे घरी आले. चहा तसाच ठेवला. म्हणाले, "बदरू, चार फूट कमी वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. पत्रा एकच आहे. एकदा कापला की संपलं."

आणि मला तू दिसलीस, आपा. पाटावर बसलेली, दातात टाचणी. कात्रीला हात लावला की ओरडायचीस, "आधी कागद लाव!" मी म्हटलं, "फटफटी दारात आणा."

वर्तमानपत्रं चिकटवून चार फुटांची पट्टी केली आणि फटफटीपुढे जमिनीवर ठेवली. दोन्ही चाकांच्या बाहेरपर्यंत पंचेचाळीस इंच भरले, पट्टी अठ्ठेचाळीस. हे म्हणाले, "पुरतंय की." मी विचारलं, "पातं सरळच धरणार का?" म्हणाले, "नाही, तिरकं. नाहीतर वाळू बाजूला कशी पडेल?" मग मी पट्टी तिरकी केली. काय झालं असेल, सांग! कापड तिरकं, उरेब धरल्यावर अंगाला कमी पडतं ना, तसंच. आता रुंदी साडेत्रेचाळीस. दोन्ही बाजूंना चाकं पाऊण पाऊण इंच बाहेर. म्हणजे पुढे पातं वाळू काढणार आणि चाकं राहिलेल्या वाळूवर चढणार.

हे गुडघ्यावर बसले. पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणखी जोड," म्हणाले. पन्नास केली, चाकाच्या कडेला जेमतेम टेकली. चोपन्न केली, तर तिरकी धरूनही दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त. मी म्हटलं, "एवढंच. ह्याहून मोठं केलंत तर पुन्हा क्लच जळेल. आणि एका दमात सगळी वाळू ओढू नका, वरची आधी, खालची मग."

सकाळी साहेब पट्टी बघायला दारात आले. मी पदर सावरून आत उभी. बराच वेळ मान वाकडी करून बघत होते. "वहिनी, कॅटलॉगात हे लिहिलेलंच नाही!"

"बर्फवाल्यांना शिवण येत नसेल," मी म्हटलं. आपा, आपल्या बदरूनं इंजिनिअरला असं तोंडावर उत्तर दिलं!

पत्रा चोपन्नावर कापला. दोन दिवस हे फटफटीवर होते, तोंडाला रुमाल, भुवयांत वाळू. काल अकराच्या सुमाराला टँकर भोंगा वाजवत थेट आत आला, आणि ह्या वेळी भोंग्याला कुणी घाबरलं नाही. पुरुषांनी नळीखाली उभं राहून कपड्यांसकट आंघोळ केली. साहेबसुद्धा. मी केस धुतले, दोनदा. संध्याकाळी ह्यांनी मला मागे बसवून ती सगळी वाट फिरवली. मी ओरडत होते, सफूरा टाळ्या वाजवत होती.

आता जे लिहायचं ते टाळून इतकी पानं भरली.

जानेवारीत तू मुंबईला सहार विमानतळावर दोन दिवस उभी होतीस, सांदणांचा डबा घेऊन. मी आले नाही. मी तुला कळवलं की ह्यांनी मला पाठवलं नाही. आणि तू ह्यांना ते पत्र लिहिलंस, "माझ्या बहिणीला मरायला ठेवलंस" म्हणून.

ते खोटं होतं, आपा. ह्यांनी माझी बॅग स्वतः भरली होती. बारा जानेवारीला बायका-मुलांना विमानतळावर नेणारी बस निघाली, मी खिडकीशी बसले होते. खाली हे उभे, हातात मी अर्धवट धुवून टाकलेल्या कपड्यांची बादली. ती कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखे. सहा वर्षांच्या लग्नात आधी वर्षाला ह्यांच्या सुट्टीचे तीस दिवस मिळायचे आम्हाला. इथे येऊन चौदा महिने झाले होते, आणि ह्या माणसाला चहात साखर किती लागते हे मला आत्ता कुठे कळायला लागलं होतं. बस हलली. मी ओरडले, "रोको भैया!" आणि उतरले. बॅग पुढे गेली, तीन दिवसांनी परत आली. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, इतके चिडले होते.

भीती वाटत होती का? रोज वाटायची. पण मी इथे खूश होते. बॉम्ब पडत असताना मी खूश आहे, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू मला आईसारखं वाढवलंस. तुझ्याकडे यायचं सोडून मी राहिले, हे लिहवेना, म्हणून ह्यांच्यावर ढकललं.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, खरं लिहून टाकते. म्हणाले, "राहू दे. तिला कुणावर तरी रागवायचंय. तुझ्यावर रागावली तर तिला झोप लागणार नाही."

हे पत्र महाडच्या जमालुद्दीनचाचांबरोबर देतेय. रमजानच्या आधी तुला मिळेल. माझ्यावर हवी तेवढी रागाव, मी ऐकून घेईन. पण उत्तर मला लिहू नकोस. पाकिटावर ह्यांचं नाव घाल आणि आत ह्यांना दोन ओळी लिही. त्या मी वाचणार नाही.

कुणी ठेवून घेतलेली नव्हे, आपल्या मर्जीनं राहिलेली,
तुझीच
बदरुन्निसा