ट्रोपोनिन जरा वाढलंय

३ जानेवारी २००५
डॉक्टर आज विनाकारण गंभीर. किडनीचं आमचं जुनंच. क्रिएटिनिन वाढतं, मी चालतो, दोघं आपापल्या वाटेने. पण या वेळी त्यांनी हृदयासाठी रक्त तपासलं. ट्रोपोनिन म्हणून काहीतरी वाढलंय. छातीत दुखतं का, विचारलं. नाही म्हटलं. तर म्हणे, मुसाभाई, म्हणूनच काळजी. न दुखण्याची काळजी करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

४ जानेवारी
ईसीजी नॉर्मल. रक्त पुन्हा घेतलं, आकडा तेवढाच. म्हणजे अटॅक नाही. पुढेही डॉक्टर बरंच बोलले. किडनीच्या पेशंटमध्ये हा आकडा असा वर राहिला तर हृदयावर ताण असतो, जिवाला धोका जास्त. इको करा, कोल्हापूरला दाखवा, डायलिसिसचं ठरवा. मी 'अटॅक नाही' एवढं घेऊन घरी आलो. बायकोला, साबेराला, तेवढंच सांगितलं.
उद्यापासून मीठ बंद. सुकी मासळी बंद. रोज चालणे.

६ जानेवारी
उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला. गेजचा काटा वर गेला की अर्ध्या वेळा गेजच बिघडलेलं. खराब किडनी ट्रोपोनिन बाहेर टाकत नाही, ते साठतं. संपलं! डॉक्टरांना फोन करून समजावलं. ते म्हणाले, थोडंफार तसं असेलही, पण ज्यांचं वाढलेलं राहतं ते जास्त मरतात. पेशंटशी बोलायची ही रीत?

१४ जानेवारी
चालणं सुरू. भाट्याच्या पुलावर दम लागला. वारा फार.

२१ जानेवारी
बकरी ईद. पाहुण्यांसमोर पथ्य बरं दिसत नाही. सगळं खाल्लं. कोल्हापूर पुढच्या आठवड्यात, नक्की.

२ फेब्रुवारी
आडवं झालं की खोकला. लोट्याच्या कारखान्यांचा धूर येत असणार. साबेरा म्हणाली, कुठं लोटे नि कुठं आपण! खुर्चीत बसून झोपतो. पाठीला बरं असतं.
कोल्हापूर या महिन्यात.

९ फेब्रुवारी
नाझिया लांज्याहून आली. मुलगी सासरी सुखात आहे, तर माझ्या डॉक्टरांना परस्पर फोन कशाला? विचारते, अब्बा, अम्मीला काय सांगितलंत? म्हटलं, खरं तेच. अटॅक नाही. ती सरळ स्वयंपाकघरात साबेराकडे गेली. थोडा वेळ दोघींचं बोलणं ऐकू आलं.

११ फेब्रुवारी
पहाटे श्वास पुरेना. हवा कोंदट. नाझियाने गाडी बोलावली. मी म्हटलं, सोमवारी जाऊ. मला धरून गाडीत बसवलं.

१३ फेब्रुवारी, कोल्हापूर
इको झाला. डायलिसिस सुरू. इथले डॉक्टर साबेराला म्हणाले, जरा बाहेर या. मी म्हटलं, माझ्यासमोर बोला. दार लागलं.
बऱ्याच वेळाने ती आली. काय म्हणाले, विचारलं. काही नाही, म्हणाली. मग अख्ख्या वॉर्डासमोर माझा हात हातात घेऊन बसली. एवढ्या संसारात तिने चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता.
मी पुन्हा विचारलं नाही.