सोडवायचं राहिलेलं घड्याळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी चक्क वेळेआधी पोचले. ताईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. नव्या गावात घर मिळेपर्यंत मी तिच्याकडेच आहे. भाची दिवसभर इतकी बोलते की मी तिचं नाव टिटवी ठेवलंय. ते तिला आवडलंय, ताईला नाही.

काम मजेचं आहे. लोकांनी दान दिलेली जुनी स्मार्ट घड्याळं साफसूफ करून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना द्यायची. माणूस कुठे पडलंझडलं तर घड्याळ आपणहून शेजाऱ्याला फोन करतं. जागा म्हणजे लाँड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे हिवाळ्यात चंगळ. आमचे मुख्य म्हणजे काका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसतात.

काकांचा नियम एकच, आधी सोडवायचं, मग घालायचं. सोडवायचं म्हणजे घड्याळ जुन्या मालकाच्या खात्यातून काढायचं. ते मालकाच्याच फोनवरून होतं, आणि झालं की घड्याळ सगळं विसरून कोरं होतं. मग आपण ते दिवसभर स्वतःच्या मनगटावर घालून तपासायचं. उलट का नाही, विचारलं. काका म्हणाले, अगं, तुझ्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या नावावर जातील. मला हसू आलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एकजण त्याच्या आईचं घड्याळ घेऊन आला. चाळिशीचा असेल. शर्ट कडक इस्त्रीचा, पण गुंड्या एक घर चुकलेल्या. आई दोन महिन्यांपूर्वी गेली. ती आणि तो, दोघंच राहायचे. आईचा फोन घरी राहिला, संध्याकाळी नक्की सोडवतो म्हणाला. आवाज इतका मऊ, की मला आग्रह करवेना.

शनिवारी हे घड्याळ एका निवृत्त बाईंना द्यायचं ठरलंय. काका दाढ काढायला गेले होते. संध्याकाळी सुटणारच आहे, मग काय बिघडतं, असा विचार करून मी ते हातात घातलं. पट्टा किंचित गरम लागला. वाफेने असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळीच त्याचा फोन. बोलताच येईना त्याला. आईच्या फोनवर तिचे ठोके दिसतायत म्हणाला. कालपासून बघत बसलाय, जेवलाही नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कबूल केलं की घड्याळ माझ्या हातात आहे, ते ठोके माझे. लगेच काढून बंद केलं, खणात टाकलं. आता सोडवा म्हटलं. थोड्या वेळाने सोडवतो म्हणाला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा फोन. आई आत्ता कुठे चढून गेली, असं विचारत होता. मी नुकतीच लाँड्रीचा जिना चढून आले होते. घड्याळ खणात होतं. बंद.

काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटली. एक तपासलेलं घड्याळ त्यांनी माझ्या मनगटावर बांधलं. पडद्यावर आलं, घड्याळ हातात घातलेलं नाही. दुसरं बांधलं, तिसरं बांधलं. तेच. मग स्वतः नाडी धरून बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, माझी बोटं म्हातारी झाली गं. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घड्याळ बाईंना दिलं नाही. काकांनी ते उघडून बॅटरी काढून ठेवली. त्याच्या आईच्या फोनवर ठोके चालूच आहेत.

आता तो वेगळंच बोलतो. आणखी थोडे दिवस राहू द्या म्हणतो. काल आई फिरायला निघाली, पोस्टाच्या चौकापर्यंत आली आणि परत फिरली. नकाशावर त्याने ठिपका पाहिला.

काल मी पाव आणायला बाहेर पडले होते. पाव न घेताच परतले, आणि पाय भरून आले होते. ताईने विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस. मी म्हटलं, रांग होती. पोस्टाचा चौक कुठे आहे हे मला ठाऊकही नाही. मला भीती वाटतेय. उगाच हसण्यावारी नेत होते, आता नाही नेता येत.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज भानावर आले तेव्हा एका निळ्या फाटकाच्या कडीवर माझा हात होता. सरावाने ठेवावा तसा. वरच्या खिडकीत तो उभा होता. हात केला नाही, हाक मारली नाही, नुसता वाट बघत होता. मी धूम ठोकली.

घरी टिटवी रुसून बसली. मी म्हणे तिला ‘राजा’ म्हणून हाक मारली आणि जेवलास का विचारलं. जेवलास. ती म्हणाली, मावशी, मी काय मुलगा आहे का?

सोमवार, १० फेब्रुवारी

काकांना घेऊन त्याच्या घरी गेले. काकांनी अक्षरशः हात जोडले. तो फोन मांडीवर घेऊन बसला होता. आई रोज थोडी जवळ येतेय, सोडवलं तर परत जाईल, एवढंच म्हणत होता. वाईट माणूस नाही. तेच अवघड आहे.

चहा आणला. बिनसाखरेचा. मी कधी घेत नाही, पण सगळा प्यायले आणि कप उठून नळाखाली धुतला. फडकं कुठे आहे हे मला माहीत होतं. काका बघतच राहिले.

मी रडत त्याला सांगितलं, मला माझी बहीण आहे, भाची आहे, मला माझ्या घरी राहायचंय. तोही रडला. आजचा एक दिवस द्या, उद्या दुपारी नक्की सोडवतो म्हणाला. आईची शपथ घेतली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

काकांचा फोन — त्याला थांबव म्हणतात. रात्रभर विचार करत होते. घड्याळ उघडून पडलंय, बॅटरीही वेगळी. मग त्या खात्याला काय जोडलेलं आहे? घड्याळ नाही. मी.

आणि सोडवलं की कोरं होतं —

त्याला फोन लावतेय. उचलत नाही. काका त्याच्याकडे निघालेत. मीही निघाले होते, पण फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत येता नाही आलं तर? ताईला सगळं सांगितलं. ती म्हणते आपण दवाखान्यात जाऊ, दुपारची वेळ मिळालीय —

दुपार

काकांना त्याने दारच उघडलं नाही. आता त्याचा मेसेज. आईला जाऊ दिलं. तुमचे उपकार कसे फेडू. इतके दिवस टाळाटाळ केली आणि आज शब्द पाळला, काय बोलावं याला —

लिहून ठेवते. लिहिलं की राहील. मी राहते ताईकडे. ताई म्हणजे मोठी बहीण. तिच्या हनुवटीवर — काहीतरी आहे हनुवटीवर, लहानपणी माझ्यामुळेच लागलेलं —

कामाची जागा वर आहे. खाली वाफ. तिथे एक म्हातारे गृहस्थ, ते काहीतरी शोधत असतात —

एक लहान मुलगी मांडीत येऊन बसलीय. गोड आहे. खूप बोलते. कुणाची आहे, विचारलं, तर गप्प झाली —

भीती वाटत होती मघाशी. कशाची ते वर लिहिलेलं असणार. वाचते आहे. अक्षर छान आहे कुणाचंतरी —

दारात एक बाई उभी आहे. हातात पर्स, बाहेर जायच्या तयारीत. कुणालातरी नावाने हाक मारतेय. दोनदा मारली. आता माझ्याकडे बघून मारतेय, आणि रडायला लागलीय बिचारी. ज्या कुणाचं नाव आहे तिने एकदा तरी ओ द्यायला